नंबर लागला, ताई

ताई, तुला जाऊन बावीस दिवस झाले आणि काल दुपारी नागपूरहून फोन आला. भाऊजींचा नंबर लागला.

हो, तोच नंबर. नागपूरच्या पलीकडचं ते घर, जिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसांना सांभाळतात आणि ज्याचा फॉर्म मी सहा वर्षांपूर्वी तुझ्यासमोर बसून भरला होता. तेव्हा तू चष्मा कपाळावर चढवून म्हणाली होतीस, "भर बाप्पा, तुह्या मनासारखं होऊ दे. प्रभूची वेळ असन तं लागन नंबर." सहा वर्षं लागला नाही. गुडघे गेलेली, कंबर धरून चालणारी, आणि तरी एका भारी माणसाला दिवसातून चार वेळा कुशीवर वळवणारी तू होतीस, तेव्हा लागला नाही. आता तुझी माती होऊन तीन आठवडे उलटले, तर लागला. फोनवरची बाई किती आनंदाने सांगत होती! देवाची कृपा आहे म्हणाली, एक खाट रिकामी झाली. मी तुझ्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होते आणि मला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटत होता.

ह्याला वेळ म्हणतात का गं?

चर्चचे पाळकसाहेबही तुला माती देताना हेच म्हणाले. प्रभूने आपल्या दासीला योग्य वेळी बोलावून घेतलं म्हणे. मी पुढेच उभी होते. मला शाळेतल्या पोरीसारखा हात वर करून विचारायचं होतं, योग्य कुणासाठी? अकरा वर्षं तुझी एकच प्रार्थना होती, आधी त्यांना ने, मग मला ने, मधे एक दिवसाचंही अंतर ठेवलंस तरी चालेल. एवढंच मागणं. ज्या देवाला तू आयुष्यात दुसऱ्या कशासाठी त्रास दिला नाहीस, त्याला एवढा क्रमही लावता आला नाही. मी सौसरच्या शाळेत तीस वर्षं ऑफिसात काढली, ताई. एवढी चूक आमच्या शिपायाकडूनही झाली नसती.

चार दिवसांसाठी म्हणून दोन साड्या घेऊन आले होते. अजून इथेच आहे. सकाळी भाऊजींचं अंग पुसायचं, उजवा हात सरळ करून तेल लावायचं, भात मऊ करून डाव्या गालाकडून भरवायचा. हे सगळं तू कधी मला शिकवलं नाहीस, मी बघूनच शिकले, आणि दर वेळी काहीतरी चुकतं. त्यांना बोलायला चारच शब्द उरलेत, हो, नाही, पाणी आणि अवं. 'अवं' म्हणजे तू. अजूनही हाक मारतात. मी हातातलं टाकून धावत आत जाते. ते माझ्याकडे बघतात आणि तोंड भिंतीकडे फिरवतात. लोक म्हणतात, त्यांना आता काही कळत नाही. मला तसं वाटत नाही. त्या शुक्रवारी सकाळी तू गरम पाण्याची बादली ठेवून अंगणातल्या खुर्चीत टेकलीस ती उठलीच नाहीस, ते त्यांना खाटेवरून दिसत होतं. अर्धा तास ते ओरडत होते. शेजारच्या कुसुमकाकूंना वाटलं, पाणी मागत असतील.

तुझ्याशी भांडायचं म्हणजे बागेपासून सुरुवात करावी लागते. कारण तुझं सगळं तत्त्वज्ञान त्या अडीच एकरातून आलं होतं. संत्र्याच्या झाडांचं पाणी डिसेंबरात तोडायचं, महिनाभर झाडं तहानलेली ठेवायची, पानं मान टाकतात, बघवत नाही, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. ताण द्यायचा तेव्हाच बहार येतो. आपल्याकडच्या पोरासोरांना हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण भाऊजींना लकवा मारला तो डिसेंबरच होता. तुम्ही दोघं नागपूरच्या दवाखान्यात आणि मी तुमच्या बागेत राखणीला. जाताना तू गाडीच्या खिडकीतून डोकं काढून ओरडली होतीस, "बेबी, पानी सोडू नको हां!" नवरा स्ट्रेचरवर आणि तुला झाडांचा ताण आठवत होता.

आठ दिवस मी ती झाडं पाहिली. पानं वळली, मग पिवळी पडून गळायला लागली. तिकडे माणूस मरणाच्या दारात, इकडे झाडंही जातात की काय? मला राहवलं नाही. नवव्या दिवशी मोटर चालू केली आणि सगळ्या ओळींना पोटभर पाणी दिलं. चार दिवसांत झाडं हिरवीगार. मी खूश. फेब्रुवारीत शेजारच्या बागेतून फुलांचा वास यायला लागला, आणि आपल्या बागेत नुसती पालवी.

तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. त्याऐवजी तू माझा दृष्टांत केलास! दर हिवाळ्यात महिला सभेत माझी आठवण निघायची. "माही लहान बहीन आहे, सौसरची. लई मायाळू. तिनं दयेनं पानी सोडलं अन् बहार गेला. प्रभू तसा नाही बाप्पा. त्याले आपली तहान दिसून राहिली असते, पन तो वेळेच्या आधी मोटर चालू करत नाही." बायका हसायच्या, माझ्याकडे वळून बघायच्या, आणि मग सगळ्या डोळे मिटून प्रार्थना करायच्या. मी सौसरहून बसचे धक्के खात यायचे ते हे ऐकायला. एकदा तर पाळकसाहेबांनी रविवारच्या उपदेशात घेतलं मला. नाव घेतलं नाही, पण अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं.

घरी आलो की मी तुला धरायचे. माळी चुकतो, ताई! ताण जास्त झाला की शेंडे वाळतात, झाड उभं जळतं. तुझ्याच बागेच्या कोपऱ्यातली तीन झाडं अशी गेली की नाही?

"ते मुरमातली होती. मुरमाले ताण कमी लागते. आपल्या मानसाले समजलं नाही. त्याले समजते, कोनती जमीन कशी आहे ते."

"मग तू कोनत्या जमिनीतली?"

"काळ्या," तू म्हणालीस. "लई दम आहे माह्यात. पोळी घे."

भांडणाच्या ऐन भरात पोळी घे म्हणायची तुझी ही पद्धत मला कधी सहन झाली नाही. समोरच्याचं तोंड भरलं की तू जिंकलीस. दम होता म्हणे. दम किती होता ते दिसलं.

आणि तू बसून वाट बघणारीही नव्हतीस, म्हणून तर आणखी राग यायचा. बसून राहिली असतीस तर मी तुला आळशी म्हटलं असतं, प्रश्न मिटला असता. तू बाग केलीस, मंडीत उभी राहून व्यापाऱ्यांशी भांडलीस, घरात माणूस सांभाळलास. कुसुमकाकू म्हणाल्या, एकदा जामसांवलीला घेऊन चला त्यांना, हनुमानाच्या पायाशी ठेवू चार दिवस, कितीतरी लोक बरे होऊन जातात. तू त्यांचा प्रसाद दोन्ही हातांनी घेतलास आणि म्हणालीस, "काकू, मी एकाले सांगून ठेवलं आहे. आता दुसऱ्याले सांगितलं तं त्याले वाटन, इचा भरोसा नाही." काकू आठ दिवस फुगून होत्या. नंतर त्याच रोज संध्याकाळी भाऊजींपाशी बसायला लागल्या, तू बागेत जाऊन येईपर्यंत.

मुलाचंही असंच. लग्नानंतर पंधरा वर्षं प्रत्येक नाताळाला तू एक झबलं शिवायचीस आणि मंडळीतल्या कुणाच्यातरी बाळाला द्यायचीस. तुझं काय, असं कोणी विचारलं की म्हणायचीस, वेळ झाली नाही अजून. चाळिशी उलटली तशी ते म्हणायचं थांबलीस. माझं तोंड वाईट. मी एकदा विचारलंच, वेळ झाली नाही की निघून गेली? तू लसूण सोलत होतीस. 

"त्यानं नाही म्हटलं, बेबी. मले ऐकू आलं. तुले ऐकू आलं नाही, म्हून तू अजून इचारून राहिली."

मी उरलेला लसूण ओढून घेतला आणि सोलायला बसले.  राग अजून तेवढाच आहे.

आणि तरी एक गोष्ट मला कबूल करायलाच हवी. आमचे हे अपघातात गेले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. तू एक पिशवी घेऊन सौसरला आलीस आणि महिनाभर राहिलीस. मंडळीतली माणसं भेटायला यायची. प्रत्येकाच्या तोंडी देवाची योजना, देवाची इच्छा. मी भिंतीला टेकून ऐकत बसायचे. एक म्हातारी काकू माझा हात हातात घेऊन सुरू झाली, "बेटा, प्रभूची वेळ..." आणि तू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालीस, "काकू, चहा थंडा होऊन राहिला." काकू चहा प्यायला लागली. तिचं वाक्य तिथेच राहिलं.

त्या महिन्यात तुझ्या तोंडून ते दोन शब्द एकदाही निघाले नाहीत. माझे केस तू धुऊन दिलेस, माझ्या ऑफिसात जाऊन रजेचा अर्ज दिलास, मी जेवत नव्हते तर तूही माझ्यासमोर उपाशी बसून राहायचीस, मग मी चिडून जेवायचे. प्रभू, देव, वेळ, काही नाही. मी कधी विचारलं नाही तुला की का. सगळ्या जगाला सांगत होतीस, मला का नाही सांगितलंस? आता वाटतं, ते वाक्य तू स्वतःच्याच दुःखासाठी ठेवलं होतंस. दुसऱ्याच्या दुःखावर ते टाकायचं नसतं, हे तुला समजत होतं आणि ज्यांनी शास्त्र शिकून घेतलंय त्यांना समजत नव्हतं. त्या एका महिन्यामुळे मी आज जिवंत आहे, ताई. हे तुला एकदा सांगायला काय हरकत होती मला? चोवीस वर्षांत जमलं नाही. तुझ्याशी भांडायलाच वेळ पुरला नाही.

आता जे मी पाळकसाहेबांनाही सांगितलं नाही, ते सांगते.

त्या मंगळवारी दुपारी तुझा फोन आला. आदल्याच आठवड्यात आपलं ह्या नागपूरच्या घरावरून वाजलं होतं. मी म्हटलं होतं, पुन्हा जाऊन चौकशी करू, वशिला लावू. तू म्हणालीस, वशिला लावून घेतलेली जागा कोण्यातरी दुसऱ्याची असते. मी फोन ठेवला होता. आणि मंगळवारी तू म्हणालीस, "बेबी, ये ना जराशी दोन दिवस. मले बरं नाही वाटून राहिलं."

अकरा वर्षांत तू मला एकदाही ये म्हटलं नव्हतंस. मीच यायचे, तू पोळी घे म्हणायचीस. हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण मला रागच आला. वाटलं, आता बरी आठवण झाली. मी म्हटलं, "रविवारी येते. तोपर्यंत थांब. तुला तर थांबायची मोठी हौस आहे."

तू हसलीस. "बरं बाप्पा. थांबीन," म्हणालीस.

शुक्रवारी तू गेलीस. उशीर करतो म्हणून तुझ्या प्रभूला मी अकरा वर्षं बोल लावत आले, आणि एका तासाच्या रस्त्याला मी पाच दिवस लावणार होते. तो दोष कोणाच्या वेळेवर टाकू? मी आल्याशिवाय तू जाणार नाहीस, असं मी गृहीतच धरलं होतं. तुझी सवय झाली होती आम्हाला. तू थांबतेस, हे आम्हाला इतकं पाठ होतं की तुला घाई असू शकते, हे डोक्यातच आलं नाही.

म्हणून मी काल रात्रीपर्यंत ठरवून टाकलं होतं. नागपूरला नाही म्हणायचं. सौसरची खोली सोडायची, इथेच राहायचं, भाऊजींचं शेवटपर्यंत करायचं. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, केवढं मोठं मन. मन कसलं डोंबलाचं! तुझे पाच दिवस फेडायला निघाले होते मी.

आज सकाळी त्या बाईला फोन करून नाही म्हटलं. ती म्हणाली, ठीक आहे, पण पेशंटला विचारलं का?

मी म्हटलं, त्यांना बोलता येत नाही.

"हो-नाही म्हणता येतं ना? मग विचारा. तुमच्या जुन्या फॉर्मवर त्यांचा अंगठा नाही. त्या जागी तुमचीच सही आहे."

चिकट बाई. मला इतका राग आला. फॉर्म भरताना ती जागा रिकामी होती हे मला आठवतं. मी तुला विचारलं होतं, इथे काय करू? तू म्हणालीस, तूच कर सही, त्यांना कायले त्रास. तू बाजूला बसली होतीस आणि ते तीन हातांवर खाटेवर होते.

मी आत गेले. त्यांना उन्हात सरकवून बसवलं होतं. मी जरा मोठ्यानेच बोलले, ते बहिरे असल्यासारखं. "भाऊजी, नागपूरच्या त्या घरातून फोन आला होता. मी त्यांना नाही म्हणून राहिली. मी इथंच आहे आता तुमच्यापाशी. बरोबर ना?"

"नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, समजलं नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. मग मी विचारलं, विचारायचं म्हणून, "तुम्हाले तिथं जायचं आहे का?"

"हो."

असा 'हो' मी त्यांच्याकडून ऐकला नव्हता. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं. ओठ हलत होते, लाळ गळत होती, मान लाल झाली. मी पाणी आणायला उठले तर सोडेनात. कितीतरी वेळाने एक शब्द आला.

"मानसं."

मला कळेना. मग त्यांनी दाराकडे, बाहेर, लांब कुठेतरी बोट केलं. "मानसं."

तिथे माणसं आहेत, ताई. वीस-पंचवीस माणसं एका व्हरांड्यात. संत्र्याच्या मंडीत सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभा राहून गप्पा मारणारा माणूस होता हा. आपण त्याला अकरा वर्षं एक भिंत दिली, एक दार दिलं, आणि भांडायला दोन बहिणी.

मी विचारलं, "ताईनं तुम्हाले कधी इचारलं नव्हतं?"

"नाही," म्हणाले. आणि मग 'अवं' म्हणून रडायला लागले, आणि मीही.

तू सहा वर्षं देवाला विचारत होतीस. मी तुला विचारत होते. ज्याला विचारायचं तो आपल्या दोघींच्या मधे पडून सगळं ऐकत होता, आणि उत्तर द्यायला त्याच्याकडे अर्धा शब्द पुरेसा होता. तुझा विश्वास आणि माझा वैताग, दोन्ही त्याला ओलांडून गेले. मी तुला दोष देत नाही. म्हणजे देते, पण निम्मा.

तू आता काय म्हणशील तेही मला माहीत आहे. पाह्य, लागला ना नंबर बरोबर वेळेवर, मी असती तं पाठवलं नसतं त्याईले. म्हण. कदाचित खरंही असेल. मला ते मान्य नाही आणि त्यावर मी तुझ्याशी कधीतरी सविस्तर भांडणार आहे, पण आज मला वेळ नाही. सोमवारी सकाळची गाडी सांगितली आहे. त्यांची औषधं बांधून झाली, कपडे झाले, चादरी झाल्या. थंडी आहे म्हणून मी तपकिरी स्वेटर काढला तर नाही म्हणाले. राखाडी काढला, नाही. छातीवर हात फिरवून दाखवत होते, मग कळलं, तू विणलेला निळा. मी दोन पेट्या उपसल्या, कपाट रिकामं केलं, गादीखाली पाहिलं. घरभर तुझे कपडे पसरलेत आणि मी मधे बसले आहे. कुठे ठेवलास गं तो, ताई?